एल्म प्रोजेक्टमधल्या डिपेंडन्सीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल्म ही ब्राउझरमध्ये चालणारी ॲप्स लिहिण्यासाठीची फंक्शनल भाषा. इव्हान चॅप्लिकी यांनी २०१२ साली हार्वर्डमधल्या आपल्या प्रबंधात ती मांडली. तिच्यासोबत येणारं कमांड-लाइन टूल इतकं छोटं आहे की दुसऱ्या भाषांमधून आलेल्यांना पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो: बाकीच्या कमांड्स कुठे आहेत? बऱ्याचशा नाहीतच, आणि त्या का नाहीत हे एकदा कळलं की काम सोपं होतं. डिपेंडन्सीजबद्दलचे, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या बाहेरच्या पॅकेजेसबद्दलचे, खालचे प्रश्न एल्म शिकणारे आणि वापरणारे पुन्हा पुन्हा पाठवतात. सगळी उत्तरं ०.१९.१ या व्हर्जनला धरून आहेत. कमांड्स आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.

१. एल्मसाठी पॅकेज मॅनेजर वेगळा बसवावा लागतो का?

नाही. एल्म म्हणजे एकच एक्झिक्युटेबल फाइल. कंपायलर, रेपल (कोड टाइप करून लगेच निकाल पाहायची सोय), डेव्हलपमेंट सर्व्हर आणि पॅकेज मॅनेजर सगळं तिच्यातच आहे. ०.१८ पर्यंत एल्म-मेक, एल्म-पॅकेज, एल्म-रेपल अशा सुट्या कमांड्स होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये ०.१९ आलं तेव्हा त्या सगळ्या एका नावाखाली आल्या. डिपेंडन्सीजशी संबंध येतो तो इनिट, इन्स्टॉल, मेक, डिफ, बम्प आणि पब्लिश एवढ्यांचाच, आणि नुसतं ॲप लिहिणाऱ्याला त्यातल्या पहिल्या तीन पुरतात.

कंपायलर स्वतः एनपीएममधून (जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरमधून) उतरवता येतो, त्यामुळे पॅकेजेसही तिथूनच घ्यायची असा अनेकांचा समज होतो. तसं नाही. एल्मची पॅकेजेस एल्मच्या स्वतःच्या पॅकेज साइटवर नोंदलेली असतात आणि ती एनपीएमने नाही, एल्म इन्स्टॉलने घ्यायची.

२. एल्म इनिट केल्यावर मी न मागताच सात पॅकेजेस कुठून आली?

एल्म इनिट एक एल्म.जेसन फाइल आणि एक रिकामा एसआरसी फोल्डर तयार करतं. त्या फाइलमध्ये एल्म/ब्राउझर, एल्म/कोर आणि एल्म/एचटीएमएल ही तीन पॅकेजेस सुरुवातीपासून असतात, कारण साधं पान दाखवायलाही ती लागतातच. ही तीन पॅकेजेस स्वतः आणखी चारांवर उभी आहेत: एल्म/जेसन, एल्म/टाइम, एल्म/यूआरएल आणि एल्म/व्हर्च्युअल-डॉम. म्हणून एकूण सात. पहिली तीन डायरेक्ट या भागात दिसतात, उरलेली चार इनडायरेक्टमध्ये.

३. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट यांत नेमका फरक काय?

डायरेक्ट म्हणजे तुमच्या कोडमधून तुम्ही इम्पोर्ट करू शकता अशी पॅकेजेस. इनडायरेक्ट म्हणजे तुमच्या पॅकेजेसना लागणारी पॅकेजेस. ती मशीनवर असतात, कंपाइल होतात, पण तुमच्या फाइलींना दिसत नाहीत.

हा फरक नुसता नोंदीपुरता नाही, कंपायलर तो काटेकोरपणे पाळतो. एखादं पॅकेज दुसऱ्या कुणामुळे आपोआप आलंय म्हणून तुम्ही ते वापरायला लागलात आणि उद्या त्या दुसऱ्याने ते सोडून दिलं, तर तुमचा प्रोजेक्ट विनाकारण मोडेल. एल्ममध्ये ही परिस्थिती उद्भवतच नाही. जे वापरायचं ते डायरेक्टमध्ये नाव घेऊन मागायचं.

४. एल्म.जेसनमध्ये एल्म/जेसन दिसतंय, तरी जेसन.डीकोड इम्पोर्ट केल्यावर मॉड्यूल सापडत नाही असं का म्हणतो?

कारण ते इनडायरेक्टमध्ये आहे (प्रश्न ३). एल्म इन्स्टॉल एल्म/जेसन अशी कमांड द्या. टूल सांगेल की हे पॅकेज इनडायरेक्टमध्ये आहे, ते डायरेक्टमध्ये हलवू का? हो म्हणा. काहीही नव्याने उतरत नाही, व्हर्जनही बदलत नाही, फक्त ओळ एका भागातून दुसऱ्या भागात जाते.

एचटीटीपी, टाइम, रँडम अशा नेहमीच्या मॉड्यूल्सच्या बाबतीत एरर मेसेजच कुठलं पॅकेज बसवायचं ते सांगतो. एल्मचे एरर मेसेज लांब असतात म्हणून लोक पहिली ओळ वाचून सर्च करायला पळतात. शेवटपर्यंत वाचा, उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असतं.

५. जुन्या ट्युटोरियलमध्ये एल्म-लँग/एचटीएमएल बसवायला सांगितलंय, ते का बसत नाही?

ते ०.१८ च्या काळातलं नाव आहे. ०.१९ मध्ये मूळ पॅकेजेस एल्म-लँग या नावाखालून एल्म या नावाखाली आली. त्याच वेळी जुन्या कोरमधून जेसन, टाइम, रँडम हे भाग वेगळे काढून त्यांची स्वतंत्र पॅकेजेस झाली. ज्या धड्यात एल्म-लँग दिसेल किंवा एल्म-पॅकेज.जेसन या फाइलचा उल्लेख असेल, तो धडा बाजूला ठेवा. नावं बदलून तो चालवायचा प्रयत्न केलात तरी पुढे भाषेतले बदल आडवे येतात.

६. इन्स्टॉल करताना "हा माझा प्लॅन" असं काही दाखवून वाय की एन विचारतो. त्यात काय पाहायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

नव्या प्रोजेक्टमध्ये एल्म इन्स्टॉल एल्म/एचटीटीपी असं म्हटलंत, तर प्लॅन साधारण असा दिसतो. ॲड या मथळ्याखाली तीन ओळी: एल्म/बाइट्स १.०.८, एल्म/फाइल १.०.५, एल्म/एचटीटीपी २.०.०. तुम्ही एक मागितलं आणि तीन येतायत, कारण एचटीटीपीच्या दुसऱ्या व्हर्जनपासून फाइल अपलोड आणि बाइट्स यांची सोय त्यात आली. खाली प्रश्न: एल्म.जेसन त्याप्रमाणे बदलू का? तुम्ही वाय म्हणेपर्यंत फाइलला हात लागत नाही.

ॲड एवढाच मथळा असेल तर निर्धास्त वाय दाबा. पण कधीकधी त्याखाली चेंज असा दुसरा मथळा येतो, आणि तिथे थांबायचं. टूल आधी तुमची सगळी व्हर्जन्स जशीच्या तशी ठेवून नवं पॅकेज बसतंय का पाहतं. नाही बसलं तर इनडायरेक्ट मोकळी सोडतं आणि डायरेक्ट तेवढी जागेवर धरतं. तरीही नाही जमलं तर डायरेक्ट पॅकेजेसना आधी पॅच (व्हर्जनचा तिसरा आकडा) बदलू देतं, मग मायनर (दुसरा), आणि अगदी शेवटी मेजरसुद्धा (पहिला). म्हणजे कमीत कमी उलथापालथ करणारा मार्ग ते स्वतःच शोधतं. पण शेवटच्या पायरीवर पोचलं तर तुम्ही रोज वापरता त्या पॅकेजचा पहिला आकडा बदललेला दिसेल. तसं दिसलं की एन म्हणा, त्या पॅकेजमध्ये काय बदललंय ते आधी बघा (प्रश्न ११), आणि मग ठरवा. वाय दाबायच्या आधी चेंजखालच्या ओळी मोठ्याने वाचण्याची सवय लावून घ्या, खरंच.

७. लॉक फाइल कुठे असते?

नेमकी व्हर्जन्स नोंदवून ठेवणारी अशी फाइल एल्ममध्ये वेगळी नसते. ॲपच्या एल्म.जेसनमध्ये रेंज नसतात, नेमकी व्हर्जन्स असतात, आणि तीही डायरेक्ट आणि इनडायरेक्ट दोन्हींची. त्यामुळे तीच फाइल लॉक फाइलचं काम करते. पुण्यातल्या मशीनवर जे कंपाइल होतं तेच टोरांटोतल्या सहकाऱ्याच्या मशीनवर होतं, त्याच व्हर्जन्ससह.

पॅकेज लिहीत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे रेंज असतात. त्याबद्दल प्रश्न १९ मध्ये.

८. गिटमध्ये काय टाकायचं? एल्म-स्टफ फोल्डर डिलीट केला तर चालतं का?

एल्म.जेसन गिटमध्ये हवीच. एल्म-स्टफ गिटइग्नोरमध्ये टाका. त्यात फक्त कंपायलरने साठवलेले मधले निकाल असतात. तो उडवला तर पुढचं एक कंपाइल जरा हळू होईल, बाकी काही नाही.

पॅकेजेसचा सोर्स तिथे नसतो. ०.१९ पासून तो तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एल्म या फोल्डरमध्ये जातो, विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये, आणि मशीनवरचे सगळे प्रोजेक्ट तोच वापरतात. ही जागा बदलायची असेल तर एल्म-होम (रोमनमध्ये ELM_HOME) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा. म्हणूनच प्रोजेक्टसोबत एल्म-स्टफची कॉपी दुसऱ्या मशीनवर नेऊन तिथलं डाउनलोड वाचत नाही.

९. एल्मचे व्हर्जन आकडे खरोखर विश्वासार्ह आहेत का? इतर ठिकाणी मायनर अपडेटनेही कोड मोडतो.

इतर ठिकाणी आकडा लेखक ठरवतो. एल्ममध्ये तो कंपायलर ठरवतो. पॅकेजचा लेखक एल्म बम्प ही कमांड देतो, तेव्हा टूल आधी प्रसिद्ध झालेल्या व्हर्जनमधले सगळे टाइप आणि नव्या कोडमधले टाइप समोरासमोर ठेवतं. बाहेर दिसणारं काहीच बदललं नसेल तर पॅच. नवं काही जोडलं असेल पण जुनं सगळं शाबूत असेल तर मायनर. एखादं फंक्शन गेलं, त्याचा टाइप बदलला किंवा बाहेर उघड्या असलेल्या कस्टम टाइपला नवा व्हेरिएंट जोडला तर मेजर. प्रसिद्ध करताना हाच हिशेब पुन्हा तपासला जातो, त्यामुळे मोडणारा बदल पॅच म्हणून खपवता येत नाही. मला विचाराल तर एल्मने पॅकेजेसच्या बाबतीत केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. कमी कमांड्समध्ये भागतं ते यामुळेच.

मर्यादा एकच, पण ती ठळकपणे लक्षात ठेवा. तुलना टाइपची होते, वागणुकीची नाही. लिस्ट घेऊन मेबी (असेल किंवा नसेल अशी व्हॅल्यू) परत करणारं एक फंक्शन काल पहिला घटक देत होतं आणि आजपासून शेवटचा देऊ लागलं, तर टाइप तोच राहतो. टूलच्या दृष्टीने हा पॅच आहे. तुमच्या ॲपच्या दृष्टीने तो बग असेल. यावर उपाय एकच, तुमच्या स्वतःच्या टेस्ट्स.

१०. ठरावीक जुनं व्हर्जन बसवायचं असेल तर?

एल्म इन्स्टॉलला व्हर्जन सांगता येत नाही. ते नेहमी तुमच्या प्रोजेक्टमध्ये बसणारं नवीनातलं नवीन घेतं. जुनंच हवं असेल तर दोन मार्ग आहेत.

पहिला, एल्म.जेसनमध्ये हाताने आकडा बदलणं. पुढच्या एल्म मेकला टूल सगळा संच पुन्हा जुळतोय का ते तपासतं. जुळत नसेल, किंवा त्या व्हर्जनला लागणारं एखादं इनडायरेक्ट पॅकेज लिहायचं राहिलं असेल, तर डिपेंडन्सीज हाताने बदललेल्या दिसतात असं सांगून ते थांबतं. याचा अर्थ हाताने बदलणं निषिद्ध आहे असा नाही, अर्धवट बदलणं चालत नाही एवढाच.

दुसरा मार्ग एल्म-जेसन हे वेगळं टूल. नाव फाइलसारखंच आहे, पण मध्ये डॉटऐवजी डॅश. ते रस्टमध्ये लिहिलेलं, एल्म वापरणाऱ्या समुदायातल्या लोकांनी बनवलेलं टूल आहे. त्यात पॅकेजच्या नावापुढे ॲट चिन्ह देऊन व्हर्जन सांगता येतं आणि इनडायरेक्ट्सचा हिशेब ते स्वतः करतं. दोनपेक्षा जास्त आकडे हलवायचे असतील तर सरळ हेच वापरा.

११. सगळी पॅकेजेस एकदम अपडेट कशी करायची?

मूळ टूलमध्ये त्यासाठी कमांड नाही. एल्म-जेसन अपग्रेड हे काम करतं. ते आधी मेजर आकडा न बदलता जितकं पुढे जाता येईल तितकं जातं, आणि प्रश्न ९ मध्ये सांगितलेल्या कारणामुळे त्यानंतर कोड सहसा जसाच्या तसा कंपाइल होतो. मेजरही बदलायचे असतील तर अनसेफ हा फ्लॅग द्यावा लागतो.

मेजर बदलण्याआधी एल्म डिफ वापरा, ही कमांड फार थोड्यांना माहीत असते. पॅकेजचं नाव आणि दोन व्हर्जन्स दिली की दोघांमध्ये काय आलं, काय गेलं आणि काय बदललं याची यादी टाइपसकट टर्मिनलवर येते. एल्म/एचटीटीपीची १.०.० आणि २.०.० देऊन पाहा. सेंड हे फंक्शन गेलेलं दिसेल, आणि गेट आता आधी रिक्वेस्ट तयार करण्याऐवजी थेट कमांड (टर्मिनलवरची नव्हे, एल्मच्या रनटाइमला सांगितलेलं काम) परत करतं हेही त्याच्या टाइपवरूनच कळेल. ही यादी हातात असली की कुठल्या फाइली बदलाव्या लागणार याचा अंदाज कोडला हात लावायच्या आधीच येतो.

मेजर अपडेट एका वेळी एकच करा. मग कंपायलर दाखवेल त्या एरर्स वरून खाली सोडवत जा. एल्ममध्ये मोठं रिफॅक्टरिंग करताना वाटणारा धीर इथेही तितकाच उपयोगी पडतो.

१२. पॅकेज काढून कसं टाकायचं? अनइन्स्टॉल सापडत नाही.

नाही ती कमांड. डायरेक्टमधली ओळ हाताने काढता येते, पण आधी एक पाहा: तेच पॅकेज दुसऱ्या कुठल्या पॅकेजला लागतंय का? लागत असेल तर ओळ काढायची नाही, इनडायरेक्टमध्ये हलवायची. नुसती काढलीत तर प्रश्न १० मधली एरर येईल. उलट बाजूने, काढलेल्या पॅकेजमुळे आलेली इनडायरेक्ट्स मागे राहिली तर प्रोजेक्ट मोडत नाही, फाइलमध्ये अडगळ राहते इतकंच.

हाताने करायचं नसेल तर एल्म-जेसन अनइन्स्टॉल आहे. आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये कुठली पॅकेजेस विनावापर पडून आहेत हेच माहीत नसेल, तर एल्म-रिव्ह्यू हे टूल चालवा. त्यातला नोअनयूज्ड.डिपेंडन्सीज हा नियम ती शोधून देतो आणि फिक्स फ्लॅग दिला तर काढायची तयारीही दाखवतो.

काहीजण विचारतात की न काढल्याने ॲपची फाइल फुगते का. नाही. ०.१९ पासून कंपायलर न वापरलेली फंक्शन्स एकेक करून गाळतो. काढायचं ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, आणि प्रश्न १३ मधल्या अडचणी कमी व्हाव्यात म्हणून.

१३. "जुळणारं व्हर्जन सापडत नाही" असं म्हणून इन्स्टॉल अडतं. दोन्ही पॅकेजेस तर स्वतंत्रपणे चालतात!

एल्मच्या एका प्रोजेक्टमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहू शकतं. समजा, तुमच्याकडच्या एका पॅकेजला एल्म/एचटीटीपी १.०.० ते २.०.० च्या आतलं हवंय आणि नव्याला २.०.० ते ३.०.० च्या आतलं. या दोन रेंजमध्ये एकही व्हर्जन समान नाही. एनपीएमसारखी दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत असं वाटेल, पण मग एका व्हर्जनचा एरर टाइप आणि दुसऱ्याचा एरर टाइप हे नाव तेच असूनही वेगळे टाइप ठरतात, आणि एका पॅकेजकडून आलेली व्हॅल्यू दुसऱ्याला देता येत नाही. ती भानगड पुढे ढकलण्यापेक्षा एल्म ती इन्स्टॉलच्या वेळीच समोर ठेवतं.

सोडवायचा क्रम असा ठेवा. आधी कोण कुणामुळे आलंय ते शोधा. एल्म-जेसन ट्री ही कमांड सगळं झाड काढून दाखवते. मग अडवणाऱ्या पॅकेजचं नवं मेजर व्हर्जन आलंय का ते पॅकेज साइटवर बघा. पुष्कळदा लेखकाने रेंज वाढवलेली असते, तुमचा प्रोजेक्ट मात्र जुन्या मेजरवर अडकलेला असतो. नवं नसेल तर त्या पॅकेजचा कोड उघडून पाहा. एल्मची बरीच पॅकेजेस छोटी असतात, आणि तुम्हाला हवी ती दोन-तीन फंक्शन्स लायसन्स पाळून स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये घेणं हा पूर्णपणे योग्य मार्ग आहे. संपूर्ण पॅकेजच आत घ्यायचं असेल तर प्रश्न १७ पाहा.

पॅकेज ०.१९ साठी कधी प्रसिद्धच झालं नसेल तर मात्र कितीही जुळवाजुळव करून उपयोग नाही.

१४. फक्त टेस्टसाठी लागणारं पॅकेज वेगळं ठेवता येतं का?

हो. एल्म.जेसनमध्ये टेस्ट-डिपेंडन्सीज हा वेगळा भाग आहे. पण एल्म इन्स्टॉल नेहमी मुख्य भागातच टाकतं. टेस्टसाठी एल्म-टेस्ट हे टूल एनपीएममधून घ्या. एल्म-टेस्ट इनिट टेस्ट्स फोल्डर तयार करून एल्म-एक्सप्लोरेशन्स/टेस्ट योग्य भागात टाकतं, आणि पुढची पॅकेजेस एल्म-टेस्ट इन्स्टॉलने घ्यायची. तेच पॅकेज नंतर मुख्य कोडमध्येही लागलं तर साधं एल्म इन्स्टॉल करा, ते हलवू का असं विचारेल.

१५. दोन पॅकेजेसमध्ये एकाच नावाचं मॉड्यूल निघालं. आता?

दोन्ही डायरेक्टमध्ये असतील आणि तुम्ही ते मॉड्यूल इम्पोर्ट केलं, तर कंपायलर इम्पोर्ट संदिग्ध आहे म्हणून थांबतो. कुठल्या पॅकेजमधलं हवंय ते इम्पोर्टच्या ओळीत सांगायची सोय भाषेत नाही. दोहोंपैकी एक डायरेक्टमधून काढावं लागतं. एक जरी इनडायरेक्टमध्ये असेल तर अडचण येत नाही, कारण ते तुम्हाला दिसतच नाही.

१६. गावी नेट नसतं. तिथे काम होईल का? आणि सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) दर वेळी डाउनलोड होतं ते कसं टाळायचं?

प्रोजेक्टला लागणारी सगळी पॅकेजेस एकदा होम फोल्डरमध्ये उतरली असतील तर नेटशिवाय कंपाइल होतं. निघण्याआधी त्या मशीनवर एकदा एल्म मेक पूर्ण चालवून पाहा, टेस्ट असतील तर त्याही. पूर्वी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी उतरवलेलं पॅकेज ऑफलाइन असतानाही इन्स्टॉल होऊ शकतं, कारण पॅकेजेसच्या यादीची प्रत मशीनवर असते. पूर्ण नवीन पॅकेज मात्र नेटशिवाय नाही.

सीआयवर एल्म-होम प्रोजेक्टमधल्या एखाद्या फोल्डरकडे वळवा, तो फोल्डर कॅश करा आणि कॅशची की एल्म.जेसनच्या हॅशवर ठेवा. हे वेगासाठी तर आहेच, पण पॅकेज साइट किंवा गिटहब काही वेळ बंद असतानाही बिल्ड चालू राहतो, आणि माझ्या मते हाच मोठा फायदा.

१७. कंपनीचं खासगी पॅकेज वापरता येईल का?

अधिकृतपणे नाही. पॅकेज साइटवर सगळं सार्वजनिक आहे, आणि पॅकेजचं नाव म्हणजेच गिटहबवरचं लेखकाचं आणि रेपोचं नाव. खासगी कोडसाठी चालणारा मार्ग म्हणजे एल्म.जेसनमधली सोर्स-डिरेक्टरीज ही यादी. खासगी रेपो गिट सबमॉड्यूल म्हणून आत आणा आणि त्याच्या एसआरसी फोल्डरचा पाथ त्या यादीत जोडा. मोनोरेपो (सगळा कोड एकाच रेपोत) असेल तर सबमॉड्यूलचीही गरज नाही.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. अशा आत आणलेल्या कोडला लागणारी पॅकेजेस आपोआप येत नाहीत. त्याची स्वतःची एल्म.जेसन टूल वाचतच नाही, त्यामुळे ती सगळी तुमच्या डायरेक्टमध्ये एकेक करून घालावी लागतात. दुसरं, पॅकेजबाहेर कोणती मॉड्यूल्स दिसतील ते ठरवणाऱ्या एक्स्पोज्ड-मॉड्यूल्स या यादीचं कुंपण इथे लागू होत नाही. आतली जी मॉड्यूल्स पॅकेज म्हणून लपलेली असती ती आता सगळ्या टीमला इम्पोर्ट करता येतात. कोणती वापरायची आणि कोणती नाही, हे टीमने लिहून ठेवलेलं बरं.

१८. चार्ट काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी एल्म.जेसनमधून आणता येईल का?

नाही. ०.१९ पासून जावास्क्रिप्ट आत असलेली पॅकेजेस फक्त एल्म आणि एल्म-एक्सप्लोरेशन्स या दोन नावांखालीच असू शकतात. जावास्क्रिप्टची लायब्ररी नेहमीप्रमाणे एनपीएममधून घ्या आणि ॲपमध्ये पोर्ट्स (एल्म आणि जावास्क्रिप्ट यांच्यात निरोप नेणारे मार्ग) किंवा कस्टम एलिमेंटमधून (स्वतः बनवलेल्या एचटीएमएल टॅगमधून) तिच्याशी बोला. पॅकेजमध्ये पोर्ट लिहिता येत नाहीत, ते ॲपपुरतेच.

या नियमावर पुष्कळ नाराजी झाली आणि जावास्क्रिप्टवर फार अवलंबून असलेल्या टीम्सना तो जाचतो, हे खरं. पण त्याच्या बदल्यात जे मिळतं ते पाहा. एल्मचं पॅकेज बसवताना तुमच्या मशीनवर कुठलीही स्क्रिप्ट चालत नाही. कुणीही लिहिलेलं पॅकेज गुपचूप नेटवर्क कॉल करू शकत नाही, कारण तसं काही करायचं तर ते टाइपमध्ये कमांड म्हणून दिसलं पाहिजे. अनोळखी लेखकाचं पॅकेज घेताना हा आधार मला फार मोठा वाटतो.

१९. स्वतःचं पॅकेज प्रसिद्ध करायचंय. काय काय लागतं?

एल्म इनिट ॲपचीच फाइल बनवतं, त्यामुळे पॅकेजची एल्म.जेसन हाताने लिहावी लागते. टाइप पॅकेज, नाव, ८० अक्षरांच्या आतलं वर्णन, ओपन सोर्स लायसन्स, बाहेर दिसणारी मॉड्यूल्स, आणि डिपेंडन्सीजच्या रेंज. पहिलं व्हर्जन १.०.० च असावं लागतं. शून्याने सुरू होणारी व्हर्जन्स एल्ममध्ये नाहीत. रीडमी हवं, तेही दोन ओळींचं नाही. लायसन्सची फाइल हवी. बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक फंक्शनला आणि टाइपला डॉक्युमेंटेशन हवं, एक राहिलं तरी एल्म पब्लिश अडतं. मग गिटहबवर त्याच आकड्याचा टॅग पुश केलेला असावा आणि स्थानिक कोड त्या टॅगशी तंतोतंत जुळावा.

रेंजबद्दल एक बारीक गोष्ट. पॅकेजवर काम करताना टूल प्रत्येक डिपेंडन्सीचं रेंजमधलं नवीनातलं नवीन व्हर्जन घेऊन कंपाइल करतं. समजा तुमची रेंज १.०.० पासून आहे आणि तुम्ही १.२.० मध्ये आलेलं एखादं फंक्शन वापरलंत. तुमच्याकडे काहीच तक्रार येणार नाही. पण ज्याच्या ॲपमध्ये ते पॅकेज १.०.० वर आहे त्याच्याकडे तुमचं पॅकेज कंपाइलच होणार नाही. नवं फंक्शन वापरलं की रेंजचा खालचा आकडा हाताने वाढवा.

२०. दुसऱ्याच्या मशीनवर कंपाइल होतं, माझ्याकडे "व्हर्जन जुळत नाही" येतं.

ॲपच्या एल्म.जेसनमध्ये कंपायलरचं नेमकं व्हर्जन लिहिलेलं असतं. तिथे ०.१९.० असेल आणि तुमच्याकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेलं ०.१९.१ असेल, तर तो आकडा हाताने बदला. पॅकेजेसना ०.१९.० ते ०.२०.० अशी रेंज असते, म्हणून ती दोन्हींवर चालतात. प्रोजेक्ट ०.१८ चा असेल तर आकडा बदलून भागत नाही, ते वेगळंच स्थलांतर आहे (प्रश्न ५).

२१. "पॅकेजचा हॅश बदललाय" किंवा पॅकेज उतरतच नाही, असं अचानक का होतं?

पॅकेज साइट प्रत्येक व्हर्जनच्या झिप फाइलचा हॅश नोंदवून ठेवते, पण झिप येते गिटहबवरून. लेखकाने नंतर टॅग दुसऱ्या कमिटवर हलवला तर हॅश जुळत नाही आणि टूल ते पॅकेज वापरायला नकार देतं. हा नकार तुमच्या भल्याचा आहे, त्याला बगल देऊ नका. लेखकाला इश्यू टाकून मूळ टॅग परत लावायला सांगा, नाहीतर नवीन व्हर्जन घ्या.

लेखकाने रेपोच डिलीट केला तर पॅकेज साइटवर त्याचं डॉक्युमेंटेशन दिसत राहतं, कोड मात्र उतरत नाही. ज्याच्या होम फोल्डरमध्ये किंवा सीआयच्या कॅशमध्ये ते आधीच आहे त्याचं चालू राहतं, म्हणून जुन्या मशीनवर चालतं आणि नव्यावर नाही असा गोंधळ होतो. अशा वेळी जुन्या मशीनवरून त्या पॅकेजचा सोर्स लगेच कॉपी करून ठेवा आणि प्रश्न १७ मधल्या पद्धतीने प्रोजेक्टमध्ये आणा. डॉट-एल्म फोल्डर साफ करायचा नेहमीचा सल्ला या एका प्रसंगात मुळीच पाळू नका, तुमच्याकडची ती शेवटची प्रत असू शकते.